बिनधुराची चूल

धरमतर खाडीकाठच्या गावात त्र्याण्णव साली चंद्रावतीच्या घरी बिनधुराची चूल बसली आणि शेजारच्या मालूच्या मनात पाल चुकचुकली. दोन घरांमध्ये कुडाची एकच भिंत, मग चूल तिलाच कशी? सरपंच तिचा दीर, तिथंच पाणी मुरत असणार. मालूनं तिच्याशी बोलणंच टाकलं.

या चुली बसवणारा मुंबईचा संशोधक हर्षद पुन्हा मालूच्या धाकटीचा खोकला विचारायला आला, तेव्हा तिनं त्याला दारातच गाठलं. "तिला चूल आनि आमाला नुसतं सवाल? कुनी सांगितलं तुमाला?"

"कुणी नाही, ताई. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्या घरांत जुनीच चूल राहायला हवी, नाहीतर नव्या चुलीनं पडलेला फरक कसा कळणार?"

"म्हंजे माझी पोर खोकत ऱ्हायली, तरच तुमचा अभ्यास खरा?"

कुडापलीकडून चंद्रावती सगळं ऐकत होती. ती तरातरा आत आली आणि तिनं मालूची पिठाची परात उचलली.

"चल गो. आजपास्नं तुझ्या भाकऱ्या माझ्या चुलीवर."

"अहो, असं केलंत तर सगळी तुलना बिघडेल!" हर्षद कळवळून म्हणाला.

मालूनं पोरीला कडेवर घेतलं आणि ती चंद्रावतीच्या मागोमाग निघाली.