शंभरची सवय

"खोटं बोलू नकोस. शंभर ऑक्टेनचं महागडं पेट्रोल सोडून तू साधं पंच्याण्णव भरलंयस," तिहोमिर म्हणाला आणि माशाचं ताट बाजूला सारलं.

समोर त्याचा मेव्हणा वुकाशिन बसला होता. संत निकोलाचा सण होता, घर पाहुण्यांनी भरलं होतं.

"दाजी, बायकोला दवाखान्यातून आणायला गाडी नेली. परत देताना टाकी भरून दिली. शंभरच भरलं."

"मग चढावर इंजिन का खडखडतंय? घेतल्यापासून तिला शंभरशिवाय थेंब दिलेला नाही. माझा कान फसत नाही."

"साधी घरगुती गाडी ती," एक शेजारी म्हणाला. "तिला काय फरक पडतो? नाहीतर पंपवाल्यानेच चुना लावला असेल."

"तुम्ही मधे पडू नका."

त्या जुन्या निळ्या गाडीपायी तिहोमिरला नातं दिसेनासं झालं होतं. दर शनिवारी तिला धुणं, पुसणं, गल्लीभर तिची फुशारकी मारणं, यातच त्याचा जीव. कारखान्याच्या वाटेवर पेट्रोल भरून आणायची ती त्याची बायको रुझा.

"संतापुढे लावलेल्या या सणाच्या मेणबत्तीवर हात धरून शपथ घे," तो म्हणाला.

वुकाशिनने हात धरला. "शंभरच भरलं."

"शपथही खोटी. ऊठ. पुन्हा या घरात पाऊल टाकायचं नाही."

सणाला दारात आलेल्या परक्यालाही कोणी घालवत नाही. या माणसाने मेव्हण्याला जेवत्या ताटावरून उठवलं. ऐकणाऱ्याचंही डोकं फिरावं.

रुझाने हातातली सुरई टेबलावर आदळली. "माझ्या भावाला उठवतोयस?"

"भाऊ तुझा. लबाड तो लबाडच."

आई गेल्यापासून रुझाला माहेर म्हणून हा एकच उरला होता. ती त्याच्यामागे फाटकापर्यंत गेली.

"ताई, तुझा तरी विश्वास आहे ना?"

रुझाने त्याच्या कोटाची कॉलर सारखी केली. "घरी जा. बायको वाट बघत असेल."

त्याने कॉलर तिच्या हातातून सोडवून घेतली. "समजलं," म्हणाला. "आता नाही येणार मी."

पुढच्या आठवड्यात टाकी रिकामी झाली. तिहोमिरने किल्ली पुढे केली. "जा, शंभर भरून आण. जरा माणसात येऊ दे तिला."

रुझा पंपावर थांबली. तिथल्या बाईने हसून मान हलवली आणि काही न विचारता पंच्याण्णवची नळी उचलली, इतकी वर्षं उचलत आली होती तशीच.