यंत्रमानवाची मूठ

मूठ मिटली आणि तिचा डावा हात आतच राहिला.

तिने बटण बंद केलं. मोटर गप्प झाली, पण यंत्रमानवाची पाचही बोटं तिच्या मनगटाला चिकटली ती चिकटलीच. "सोड ना रे," ती म्हणाली. एवढं मोठं धूड, पण ऐकेल तर शपथ!

हिसका दिला असता तर हात सुटला असता. पण धूड म्हणजे नुसता पुठ्ठ्याचा हात होता. पाइपाच्या तुकड्यांची बोटं, आत नायलॉनचे दोरे, वरून चंदेरी रंग. मोडलं असतं सगळं.

त्यांच्या आवडत्या पिक्चरमध्ये यंत्रमानवाचा हाच हात आगीतून एका मुलीला बाहेर ओढतो. तो सीन तिने आणि दादाने इतक्यांदा पाहिला होता की आई रिमोट लपवून ठेवायची. हात बनवायचं खूळही दादाचंच. खांद्यापासून मनगटापर्यंत दोघांनी मिळून केला. मग दादाला नोकरी लागली, कानांवर हेडफोन चढले, खोलीचं दार लागलं. "नंतर बघू गं," म्हणता म्हणता हात माळ्यावर गेला.

शेवटी तिने एकटीनेच मनावर घेतलं. पाइप कापून बोटं केली. मोडक्या खेळण्यातल्या क्रेनची मोटर काढली. पाच दोरे एका रिळावर आणले. आज पहिल्यांदा बटण दाबलं, बोटं एकेक करत वळली, आणि ती आनंदाने किंचाळली. घरात कोणालाच ऐकू गेलं नाही. मूठ पकडते का, ते बघायला मग तिने स्वतःचं मनगट पुढे केलं.

"दादा!" तिने हाक मारली. भिंतीपलीकडून काही नाही. मग तिने उजव्या हाताने फोन लावला.

"घरातल्या घरात फोन?"

"अडकलेय. ये ना."

तो आला, बघितलं, आणि पोट धरून हसला. "चिचुंद्रे, स्वतःचाच हात कोण घालतं आत?"

"मग कोणाचा घालू? कोण होतं इथे?"

त्याचं हसू विरलं. हेडफोन काढून त्याने टेबलावर ठेवले आणि तो तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला. एका बोटाचा सांधा त्याने हलकेच चाचपला.

"हे तू केलंस? एकटीने?"

"हं."

"भारी झालंय गं." मग तो इकडेतिकडे बघू लागला. "बॅटरी कुठंय? तारा उलट जोडल्या की मोटर उलटी फिरेल. आत्ता सुटशील. नाहीतर एकेक दोरा सोडवत बसावं लागेल, अख्खी दुपार जाईल."

"बॅटरी संपली," ती म्हणाली, आणि फोन लावण्याआधीच उपटून ठेवलेली नवीकोरी बॅटरी तिने टाचेने हळूच पलंगाखाली सारली.