पळणारी की चालणारी

"दोन्ही नाही होणार, युवराजभाऊ. पळणारी करू की चालणारी, ते आधी सांगा," संघपाल म्हणाला आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसला.

दोंडाईच्याबाहेर, धुळ्याच्या रस्त्याला लागून, एका निंबाखाली जुनी झेन कार उभी होती. इंजिन चालू होतं आणि त्याच्याबरोबर अख्खी गाडी थरथरत होती. शेजारच्या मोकळ्या मैदानात मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्यांचा ठसका आत येऊ नये म्हणून काचा वर केलेल्या. मागच्या सीटवर युवराजची मोठी बहीण प्रमिला, त्याची अक्का, उशी घेऊन आडवी झाली होती. गाडी कुठं आचका देते ते तिलाच कळेल, म्हणून युवराज तिला सोबत आणणारच होता. पण त्यानं म्हणायच्या आधीच ती चपला घालून तयार होती.

युवराजचं शेतीपंप दुरुस्तीचं दुकान. लग्न केलं नाही. हौस म्हणून जे काही होतं ते या गाडीत. मोठ्या गाडीचं इंजिन त्यानं तिच्यात बसवलं, झडपा जास्त उघडणारा शर्यतीचा कॅम टाकला, सायलेन्सर स्वतः वेल्डिंग करून बनवला. घाटातल्या शर्यतीत एकदा तरी उतरायचं, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात अक्काच्या किडन्या गेल्या. आईच्या मागे अक्कानंच त्याला वाढवलेलं. आठवड्यातून तीनदा तिला धुळ्याला डायलिसिसला न्यायचं. एसटीत परतीच्या वाटेवर ती अर्धमेली व्हायची, आणि घरात दुसरी गाडी नव्हती. मग शर्यतीची गाडीच दवाखान्याच्या वाटेला लागली.

पण ते इंजिन जोरात पळायला बनवलेलं. हळू चालवलं की आचके द्यायचं. अक्का तक्रार करत नसे. सुया टोचलेला हात छातीशी धरून डोळे मिटून पडून राहायची. युवराजला ते आरशात दिसायचं.

इंजिन बदललं की त्याच्या कॉम्प्युटरलाही नव्यानं शिकवावं लागतं. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळंच. पुण्याला गाडी मशीनवर चढवून हे चोख करून देतात, पण तो खर्च झेपणारा नव्हता. एकजण तयार फाइल फोनवर पाठवायला राजी होता, जवळजवळ फुकट. ती टाकून कुणाच्या तरी इंजिनाचे पिस्टन वितळल्याचं युवराजनं ऐकलं होतं. शेवटी जळगावच्या संघपालला बोलावलं. तो गाडी रस्त्यावर चालवूनच ट्यूनिंग करायचा. आज रविवार, दुकान बंद, म्हणून सकाळच्या रेल्वेनं तो आला होता. युवराजच्या स्वस्तातल्या कॉम्प्युटरमध्ये मात्र एकच सेटिंग मावत होतं.

"चालणारी," स्टिअरिंगवर बसलेला युवराज म्हणाला.

संघपालनं त्याला नीट समजावलं. असा कॅम असताना गाडी हळू आणि गुळगुळीत चालवायची तर वरच्या वेगातला सगळा जोर घालवावा लागेल. मग शर्यतीचं नाव काढायचं नाही. एवढी वर्षं खपून केलेलं काम वाया जाईल. पुन्हा करायचं म्हटलं तर आणखी एक दिवस, आणखी तेवढाच खर्च. युवराजनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. उद्या धुळ्याला जायचंय, तो म्हणाला, वाटेत अक्काला झोप लागेल अशी कर. एवढं बोलून त्याला हलकं वाटलं. थोडा अभिमानही वाटला.

मागे उशी सरकल्याचा आवाज झाला. अक्का उठून बसली होती.

"भाऊ, तिले पळू द्या," ती संघपालला म्हणाली. "माले आते धुळे जावानं नही. डाक्टरले मी परवाच सांगी दिन्हं."

परवा. परवा युवराज दवाखान्याच्या आवारात बॉनेटमध्ये डोकं घालून बसला होता. आचके कमी व्हावेत म्हणून ॲक्सिलरेटरची केबल ओढून बघत होता. डॉक्टर स्वतः बाहेर आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, घरी निवांत बोला म्हणाले. नेहमीसारखा धीर देताहेत, असं समजून त्यानं काळे हात पुसले होते आणि हसून हो म्हटलं होतं.

डायलिसिस थांबलं की अक्काकडे थोडेच दिवस उरतात, हे त्याला माहीत होतं. त्याच्या तोंडाशी सगळं एकदम आलं. नाशिकला दाखवू. दुसरा डॉक्टर बघू. निदान दिवाळीपर्यंत. तो मागे वळला. अक्काच्या हातावर सुयांनी आलेल्या गाठी होत्या. हाताची शीर बंद पडली म्हणून गेल्या महिन्यापासून डायलिसिससाठी मानेत नळी घातली होती, ती तिनं पदराखाली झाकली होती. ती रडत नव्हती. रागावलेलीही नव्हती. कधीचं सांगायचं होतं ते सांगून झालं, तसं तिचं तोंड निवांत दिसत होतं. आणि युवराजच्या लक्षात आलं की एवढ्या खेपांमध्ये, तुला यायचंय का, असं त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"नक्की?" त्यानं विचारलं.

अक्कानं मान हलवली.

गाडी थरथरत राहिली. संघपालनं हात कीबोर्डवरून उचलले. या दोघांना एकटं सोडावं म्हणून तो लॅपटॉप मिटायला लागला, तेव्हा युवराजनं त्याचं मनगट धरलं.

"हळू चालणारीच कर, संघपाल. धुळ्याला नाही, अक्काला घरी न्यायचंय."