प्लग कोण काढतं?

प्लग आजही भिंतीतून उपसलेला. स्कूटरवरचं कव्हर काढून त्याची नीट घडी सीटवर ठेवलेली. वर हा साळसूदपणा! नीलाने कॉलेजच्या पार्किंगच्या शेडमध्ये इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. पण कोण असणार, हे तिला सांगायला नको होतं. तिने प्लग पुन्हा लावला, कव्हर गाडीवर पार बोर्डापर्यंत ओढलं आणि स्टाफ मीटिंगला चक्क दांडी मारून जनरेटरच्या खोलीमागे लपून राहिली.

सम्यक तिच्याच विभागात शिकवायचा. त्याचीही इलेक्ट्रिक स्कूटर शेजारीच लागायची, थेट भिंतीच्या सॉकेटला, आणि रोज फुल चार्ज होऊन निघायची. नीलाची वायर भिंतीपर्यंत पोचत नव्हती, म्हणून तिने घरून एक्स्टेन्शन बोर्ड आणून कट्ट्यावर आडवा ठेवला होता. चार्ज होत नव्हती ती फक्त तिचीच गाडी. परवा मुलुंडला घरी जाताना ती पवईच्या चढावर बंद पडली. नीलाने घामाघूम होत ढकलली आणि मागून रिक्षावाल्यांचे भोंगे ऐकले.

कारणही तिला ठाऊक होतं. खंडेनवमीला तिने नव्या गाडीची साग्रसंगीत पूजा केली होती. झेंडूचा हार, नारळ, गाडीला हळदकुंकू, चार्जरला हळदकुंकू, बोर्डालासुद्धा, आणि वर ओल्या अक्षता. सगळा स्टाफ पेढ्यांवर डोळा ठेवून कौतुकाने उभा होता. सम्यक एकटा मध्येच ‘नको, नको’ करायला लागला.

“तुला पटत नसेल तर लांब उभा राहा,” नीला म्हणाली होती. तो खरंच लांब जाऊन उभा राहिला. “त्यांच्यात नाही ना चालत हे,” विभागातली गंधाली नंतर तिच्या कानाशी कुजबुजली. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर लगेच प्लग निघायला लागला. आता यात शोधायचं ते काय राहिलं?

सम्यकची नेमणूक कंत्राटी होती. त्याला कायम करायचं की नाही, ते याच आठवड्यात ठरायचं होतं. नीलाने विभागप्रमुखांच्या कानावर सगळं घातलं होतं. “पुरावा आणा,” देवव्रत सर म्हणाले होते. “असला माणूस मला विभागात नको.”

तिने मोबाईलचा कॅमेरा चालू केला आणि वाट बघत राहिली. सम्यक आला. चोरासारखं दोन्हीकडे बघितलं. कट्ट्यापाशी वाकून त्याने बोर्ड हुंगला. मग भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लग उपसला, बोर्डाला हाताची मागची बाजू लावली आणि झटकन मागे घेतली. कव्हर काढून घडी घातली. एवढ्यावरही थांबला नाही. खिशातून दात कोरायची काडी काढून तो बोर्डाच्या भोकात खुपसू लागला.

नीलाच्या अंगाचा तिळपापड झाला. मोबाईल तसाच पुढे धरून ती बाहेर आली.

“सापडलास! एवढा जळतोस रे माझ्यावर?”

सम्यक दचकला. मग त्याने बोर्ड तिच्यापुढे धरला.

“मी नाही गं. हा जळतोय.”

भोकांभोवतीचं प्लास्टिक वितळून काळं पडलं होतं. त्यातून जळका वास येत होता. शेडला लागूनच रीडिंग रूमची खिडकी होती. आत मुलं माना खाली घालून वाचत बसली होती. सम्यकच्या हातातल्या काडीच्या टोकाला हळदीचा लगदा लागला होता, आणि त्यात कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा.

तिने मोबाईल खाली केला. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रागही आला.

“मग एकदा तोंडाने सांगायचंस ना!”

“सांगितलं होतं,” सम्यक म्हणाला. “मी म्हणालो, बोर्डावर नको. तू ऐकलंस, पूजा नको.”