बाईसाहेबांचा होकार

फोटोवाल्या भाऊंनी आपला हिरो कापड बेतायच्या टेबलावर सोडला, आणि बाईसाहेबांनी पुढचा एक हात उचलून हवेत सावकाश गोल फिरवला.

"बघा, बघा! या म्हणतेय!" सासूबाईंनी शिलाई मशीन थांबवून टाळी वाजवली. "मुलगी राजी आहे हो, भाऊ."

बाईसाहेब म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन. गळ्याखाली काट्यांची दाढी असलेला, हातभर लांबीचा पाळीव सरडा, आणि त्यातली मादी. एक गिऱ्हाईक गाव सोडताना "चार दिवस सांभाळा" म्हणून तिला ठेवून गेलं, ते गेलंच. पहिल्यांदा सासूबाई तिच्याकडे पाठ करून शिवत. आता तिच्या काचेच्या पेटीतला दिवा लावल्याशिवाय मशीनचं चाक फिरत नसे. पोटच्या मुलाचे झाले नसतील इतके तिचे लाड चालत. अशात समोरच्या स्टुडिओवाल्या भाऊंकडे तसलाच नर निघाला. सासूबाईंना आभाळ ठेंगणं झालं.

हिरोने दाढी फुगवली, काळी केली आणि डोकं जोरजोरात वरखाली हलवलं. नवरदेवाचा तोरा बघण्यासारखा होता. बाईसाहेबांनी पुन्हा हात फिरवला.

"आई, पण तिला हवंय का?" सून म्हणाली. सुट्टीच्या दिवशी ती काज-बटणं करायला दुकानात बसे.

"अगं, हात करून बोलावतेय की! आणखी कसं सांगेल?" मग सवयीप्रमाणे सासूबाईंची गाडी सुनेकडे वळली. "तिचं ठरलं. आता तुमचं बघा. या घरात पाळणा आधी कोणाचा हलतो, तेच बघायचंय मला."

भाऊ खो खो हसले. सूनही हसली. ती नेहमीच हसे. सासूबाई हा विषय कधी भांडी लावताना काढत, कधी भर दुकानात, आणि ती दर वेळी मान खाली घालून तशीच हसे. "लाजते पोर," सासूबाई कौतुकाने सांगत. "मनातून हवंच आहे तिला."

सासूबाई उतावळ्या खऱ्या, पण कामात ढिल्या नव्हत्या. गळा किती खोल, बाही कुठवर, हे त्या गिऱ्हाइकाला दोनदा विचारत. त्याने तोंडाने 'हो' म्हटल्याशिवाय त्यांची कात्री कापडाला लागत नसे. पिल्लांच्या बाबतीतही त्यांनी तीच शिस्त लावली. एका खेपेला वीसेक पिल्लं होतात आणि एकमेकांच्या शेपट्या कुरतडतात, हे कळल्यावर त्यांनी कापडाचं अर्धं कपाट वेगवेगळ्या डब्यांसाठी रिकामं केलं. पिल्लं मागणाऱ्यांची तर उलटतपासणीच घेतली. "तुमच्याकडे मांजर आहे, जमणार नाही," म्हणून एका जुन्या गिऱ्हाइकाला चक्क वाटेला लावलं. राहिली होती फक्त डॉक्टरांची तपासणी.

सूनच दोघींना घेऊन गेली. जनावरांच्या डॉक्टरबाईंनी बाईसाहेबांचं वजन केलं, पोट चाचपलं, एक्स-रे काढला.

"तब्येत छान आहे, काकू. वयही योग्य आहे. पण अंडी घालणं सोपं नसतं. कवचाला लागणारं कॅल्शियम ती स्वतःच्या हाडांतून देते. कधी अंडी आतच अडकतात. मग ऑपरेशन. सगळ्याच वाचतात असं नाही."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "पण तिलाच हौस आहे ना," त्या म्हणाल्या. "हिरो दिसला की बोलावते. अशी." आणि त्यांनी हात उचलून हवेत गोल फिरवून दाखवला.

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. "ते बोलावणं नाही, काकू. तुम्ही मोठे, मी लहान, माझं तुमच्याशी भांडण नाही, मला काही करू नका, असं सांगते ती. त्याला होकार समजू नका."

परतीच्या बसमध्ये सासूबाई मांडीवर बाईसाहेबांचा डबा धरून गप्प बसल्या होत्या. त्यांचं गप्प बसणं इतकं नवीन होतं की सुनेने त्यांना दोनदा बरं वाटतंय ना म्हणून विचारलं. उतरल्या त्या तडक स्टुडिओत गेल्या.

"भाऊ, नाही जमायचं."

"का हो? आमच्या मुलात काय खोट काढलीत?"

"मुलात खोट नाही. आम्ही मुलीला विचारलंच नव्हतं."

भाऊंनी हिरोकडे बघून सुस्कारा टाकला. हिरो दिव्याखाली डोळे मिटून पडला होता. त्याला स्थळ मोडल्याचं काडीचं दुःख नव्हतं.

पुढच्या सुट्टीला दुकानात एक जुनी गिऱ्हाईक बाई नवा झगा घालून आरशासमोर उभी होती. सून खाली बसून झग्याच्या घेराला टाचण्या लावत होती. बाईंनी आरशातूनच तिला न्याहाळलं.

"काय गं, गोड बातमी कधी? सासूबाईंना किती ताटकळत ठेवशील?"

सून हसली. मान खाली, ओठ मिटलेले, नेहमीसारखीच.

मशीन थांबलं. सासूबाईंनी ते हसू आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. हे हसू त्यांनी स्वतः किती वेळा ओढून काढलं होतं!

"अगं बाई, लाजतेय बघा कशी!" बाई म्हणाल्या.

सुनेचे दोन्ही हात टाचण्यांत गुंतले होते.

"लाजत नाहीये हो ती," सासूबाई म्हणाल्या. "हात हलवतेय."