मोकळे हात

हात धुतल्याशिवाय माशीनंही आयसीयूत शिरू नये, असा इन्फेक्शन कंट्रोलच्या वर्षाली सिस्टरचा अख्ख्या दवाखान्यात दरारा. अंगठ्या-बांगड्या काढायचा नियम खरं तर स्टाफपुरताच होता. नातेवाइकांना तो तिनंच लावला होता.

पातूरकडे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले केशवराव आत व्हेंटिलेटरवर होते. त्यांची बायको पार्बताबाई दारातच अडली.

"बांगड्यांखाली जंतू बसतात, काकू. काढा, हात धुवा अन् मग जा आत."

"मानूस जिता हाये माहा. बांगड्या कावून काढू वं माय?"

वर्षालीनं हेका सोडला नाही अन् पार्बताबाईनं बांगड्या उतरवल्या नाहीत. दाराच्या गोल काचेला कपाळ टेकवून ती लांबूनच नवऱ्याला पाहत राहिली.

रविवारी सकाळी केशवराव गेले. सांगायला वर्षालीच बाहेर आली, पण तिच्या तोंडून भलतंच निघालं, "चला काकू, आत चला. राहू द्या त्या बांगड्या."

पार्बताबाईनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात तिच्यापुढे धरले.



"आता काढ, माय."