कोरी जागा

कर्तव्य बजावताना मृत्यू पावलेल्या पोलिसांची नावे आमच्या ठाण्याच्या आवारातील स्मृतिशिलेवर कोरलेली आहेत. सर्वांत शेवटचे नाव माझ्या मुलाचे. यंदा स्मृतिदिनी मी पोहोचले, तेव्हा कारागीर अक्षरांत काळा रंग भरत होता.

“खाली एवढी जागा कोरी का सोडलीस? नक्षी कोर तिथे.”

“आजी, पुढच्या नावांसाठी ठेवावी लागते ती,” तो मान खाली घालून म्हणाला.

रांगेत उभी असलेली माझी नात हसली. “आजी, इथे साहेबांचा हुकूम चालतो. तुझा घरी!”

ती नुकतीच वडिलांच्याच ठाण्यात रुजू झाली होती. भरतीच्या वेळी ‘पोरीला पाठवू नका’ म्हणत सूनबाईने अक्षरशः माझे पाय धरले होते. “या घराचा गणवेश कपाटात लोंबकळणार नाही,” असे मी तिला ठणकावले होते. तेव्हापासून तिने माझ्याशी बोलणे टाकले होते.

बिगूल वाजला. पुष्पचक्र माझ्या हाती आले. मुलाच्या नावाशी ठेवायचे ते मी खाली टेकवले, कोरी जागा पुरती झाकली जाईल असे.

“आजींचा हात थरथरला वाटतं,” असे म्हणत साहेब ते वर सरकवायला पुढे झाले.

“राहू द्या, साहेब,” सूनबाई मागून म्हणाली. “ती जागा आईंना आज दिसली. मला भरतीच्या दिवसापासून दिसतेय.”